एकवीस चिंध्या

पडेगावच्या रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लागला की माझं वर्ष सुरू होतं. बाभळीला कापूस लागत नाही हे मलाही माहीत आहे. जिनिंगकडे निघालेल्या गाड्या पार वरपर्यंत फुगवून भरलेल्या असतात, रस्त्यावर झुकलेल्या फांद्या त्यांना खरवडतात आणि काट्यांना पांढरे पुंजके अडकून राहतात. दिवाळीनंतर पंधरा दिवसांत दोन्ही बाजूंच्या बाभळी म्हाताऱ्या दिसायला लागतात. दुसरं कुणी त्यावरून थंडी ओळखत असेल की नाही, ठाऊक नाही. मी ओळखते, आणि त्याच आठवड्यात शेडमधले सगळे पाने-पकडी डिझेलमध्ये धुऊन घेते. कारण आता गाड्या येणार. वर्षभर मालकांनी ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणत ढकललेली इंजिनं या दोन-अडीच महिन्यांतच तक्रारी सांगायला लागतात. कुणी धूर काढतं, कुणी तेल पितं, कुणी चढावर नुसतंच रडतं.

मी ट्रक दुरुस्त करते. दहा चाकी, बारा चाकी, चौदा चाकी. असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या हातांकडे बघतो आणि मग माझ्या मागं कुणी उभं आहे का ते बघतो. कुणी नसतं. एखादा ड्रायव्हर तिसऱ्यांदा शेडमध्ये डोकावून “मिस्त्री कुठं गेले?” म्हणाला की मी त्याला चहा देते, आणि त्याचा कप रिकामा होईपर्यंत त्याच्या गाडीला काय झालंय ते सांगून टाकते. नुसत्या आवाजावरून. यात थोडी फुशारकी आहे, कबूल करते. पण आवाज ओळखायला शिकताना जो कान पोळला तो माझा होता, तेव्हा फुशारकीही माझीच.

शिकायला तशी तीन वर्षं गेली. आयटीआयला डिझेल मेकॅनिकच्या वर्गात आम्ही दोघी मुली होतो. दुसरीनं महिनाभरात शिवणकामाला बदली करून घेतली आणि मी एकटी उरले. तिथलं इंजिन लोखंडी घोडीवर ठेवलेलं, मधोमध कापलेलं, आतून लाल-निळ्या रंगानं रंगवलेलं. ते कधी तापलं नाही, कधी गळलं नाही. परीक्षेपुरतं ते फार चांगलं होतं. खरं इंजिन मी पाहिलं ते उस्तादांच्या शेडमध्ये, आणि तीन वर्षांतली एकच थंडी मला अशी आठवते की बाकीची अडीच वर्षं तिच्या पोटात जातात. यंदा बाभळी पांढऱ्या झाल्या तशी ती पुन्हा वर आली. तसं कारणही घडलं, ते पुढं येईलच.

उस्ताद म्हणजे जब्बारभाई. साठी ओलांडलेले, एक गुडघा कामातून गेलेला, तोंडात सदा एक वेलदोडा. पडेगावच्या पुढं, दौलताबाद रोडला लागून त्यांची पत्र्याची शेड. तिथली माती इतकी वर्षं तेल प्यायली होती की पावसाचं पाणी तिच्यावर नुसतं घरंगळायचं. सकाळी आठला मी पोचायची तेव्हा कापलेल्या ड्रममध्ये लाकडाचा भुसा पेटवलेला असायचा. आधी हात शेकायचे, मग पाने शेकायचे, कारण डिसेंबरात बत्तीसचा पाना उघड्या हातानं उचलला तर तो तळव्याला चावतो. बाहेर थंडीनं आखडलेल्या गाड्या एकेक करून सुरू व्हायच्या. पहिल्या दमाचा पांढरा धूर, त्यामागं काळा, आणि एखाद्या दुर्दैवी गाडीचा निळा. उस्ताद खाटेवर बसल्या बसल्या बोट दाखवायचे. “वो देख, नीला. तेल पी रही. आज नहीं तो परसों आयेगी अपने पास.” परवा ती यायचीच.

पहिले दोन महिने त्यांनी मला पान्याला हात लावू दिला नाही. नुसते भाग धुवायचे. तिसऱ्या महिन्यात लांब स्क्रू ड्रायव्हर दिला. त्याचं टोक चालत्या इंजिनाला लावायचं, मूठ कानाला. आत सहा सिलिंडर सहा जणांसारखे बोलत असतात आणि सगळे एकदम बोलतात. आधी मला नुसता गलका ऐकू आला. मग एक दिवस चौथा सिलिंडर खोकताना ऐकू आला. मी म्हटलं, “उस्ताद, चार नंबरला सर्दी झालीय.” ते हसले नाहीत. स्वतः ऐकलं, डिझेल फवारणारं नोझल काढायला सांगितलं, ते खराब निघालं. मग मात्र त्यांनी विचारलं, “ये कान किधर से लाई तू?”

कान मी घरून आणला होता. आमचं गाव फर्दापूरच्या अलीकडं, डोंगराच्या अंगाला. माझ्या वडिलांची, आबांची, मेंढरं. दिवाळी झाली की आबा कळप घेऊन खाली उतरायचे आणि खतासाठी शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवायचे. शे-सव्वाशे जनावरांत कुठलं खोकतंय हे ते अंधारातही सांगायचे. आणि दिवस मावळायच्या आत मोजणी. जाळीच्या कोंडवाड्याला एकच तोंड ठेवायचं, मेंढरं दोन-दोननं आत सोडायची आणि आबांनी हाताची काठी आडवी धरून मोजायचं. त्या वेळी कुणी बोलायचं नाही. आई भाकरी थापायची थांबायची, मी खेळ थांबवायची. एक जरी कमी भरलं तरी आबा जेवत नसत. कंदील घेऊन निघत.

म्हणून उस्तादांच्या शेडमधला रिवाज मला पहिल्या दिवसापासून ओळखीचा वाटला. दुसऱ्या कुठल्या गॅरेजात मी तो पाहिला नाही. बाकीचे पुसायला मिळेल तो फडका वापरतात. उस्ताद शहागंजातून जुनी सुती चादर आणायचे, एकाच छापाची, आणि तिच्या वीतभर लांबीरुंदीच्या बरोबर वीस चिंध्या कापायचे. त्या वर्षी आकाशी रंगावर पांढरी फुलं होती. इंजिन उघडलं की जिथं जिथं भोक दिसेल तिथं तिथं एक चिंधी कोंबायची, म्हणजे आत धूळ जात नाही, नट-वॉशर पडत नाही. शेडमध्ये दुसरं कापड आणायचं नाही. माझी ओढणीसुद्धा दाराच्या खिळ्याला टांगलेली असायची. आणि इंजिन बंद करून, गाडी फिरवून आणून, सगळं ठीक निघालं तरी वीसच्या वीस चिंध्या उस्तादांच्या हातात पडेपर्यंत गाडीची किल्ली त्यांच्या गळ्यातल्या दोरीला लटकलेली राहायची.

“पाना कोई भी घुमाता बेटा,” ते म्हणायचे. “गिनती रखे वो मिस्त्री.”

कारण त्यांनी एकदाच सांगितलं. आत राहिलेली चिंधी पहिल्या दिवशी काहीच करत नाही. ती खाली तेलाच्या चेंबरमध्ये पडते आणि तिथं मजेत पोहत राहते. मग कधीतरी तेल ओढणाऱ्या चाळणीला जाऊन चिकटते. तेल वर चढायचं थांबतं, बेअरिंग कोरडी पडतात आणि इंजिन जागच्या जागी आवळतं. सपाटीवर असलात तर तुमचं नशीब. घाटात उतरताना इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग दगडासारखं होतं, आणि मागं पंचवीस टन माल असतो.

त्या थंडीत माझे हात बदलले. नखांच्या कडेला आणि तळव्याच्या रेघांत काळं जे बसलं ते सोड्याच्या पावडरीनं आणि भुशानं घासूनही निघेना. सुट्टीला घरी गेले तर आई म्हणाली, “तू भाकरी नको थापू, लोकं म्हणतील बाजरी काळी हाय.” मग आबांकडे बघून म्हणाली, “हिला बघायला येणाऱ्यांना काय दाखवू मी, हे हात?” आबा म्हणाले, “हातच दाखव.” मला हे वाक्य त्या वेळी फार आवडलं. आजही आवडतं. माझ्या नवऱ्यानं पहिल्या भेटीत खरंच हात बघितले आणि विचारलं, आमच्या टेम्पोचा क्लच घसरतोय, बघता का. पण ते नंतरचं.

मार्गशीर्षात लक्ष्मणनाना गाडी घेऊन आले. नाना म्हणजे पन्नाशीचे ड्रायव्हर, कन्नडच्या बाजूचे, कपाळाला गंध, गाडी स्वतःची. रेडिएटरचं पाणी इंजिनात जात होतं, म्हणजे हेड, इंजिनाचं वरचं डोकं, उतरवून त्याखालचं पॅकिंग बदलणं आलं. उस्तादांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “ये तू करेगी. मैं खाट पे बैठूँगा.”

ते माझं पहिलं इंजिन. चार दिवस मी दुसरं काही पाहिलं नाही. हेड उतरवलं, घासलं, पट्टी लावून सपाट आहे का ते तपासलं. बोल्ट आवळायचे ते मधून बाहेर, तीन फेऱ्यांत, प्रत्येकावर खडूची रेघ. नेमका ताण भरला की टॉर्क रेंच ‘कट्’ वाजतो, तो आवाज येईपर्यंत दात आवळलेले. शेवटच्या बोल्टला तो आवाज आला तेव्हा मला ओरडावंसं वाटलं, पण खाटेवर उस्ताद डोळे मिटून बसले होते आणि त्यांच्या बोटांवरून कळत होतं की तेही आवाज मोजताहेत. चौथ्या दिवशी दुपारी नाना आले. गाडी फिरवून आणली. पाणी नाही, धूर नाही, आवाज असा की ऐकत बसावं. नाना घाईत होते. कन्नडला जिनिंगवर गाठी भरायला त्यांचा नंबर लागला होता, संध्याकाळपर्यंत पोचले नाहीत तर नंबर जाणार होता. आणि गाठी घेऊन रात्रीच पुढं घाट उतरायचा होता.

मी चिंध्या गोळा करायला गेले, आणि एकोणीस भरल्या.

पुन्हा मोजल्या. टेबलाखाली पाहिलं, डिझेलच्या ट्रेमध्ये हात घातला, खिसे उलटे केले. एकोणीस. बाहेर नाना आरशात बघून गंध नीट करत होते. उस्ताद गळ्यातली किल्ली बोटाभोवती फिरवत होते. मला आठवेना की मी इंजिनाच्या मागच्या भोकातली चिंधी काढली होती की नाही. काढली असणार. एवढं मन लावून काम केलेलं, काढलीच असणार. एक कमी आहे असं म्हटलं की चेंबर खोला, तेल काढा, पूर्ण दुपार, नानांचा नंबर, आणि शेडमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरच्या तोंडी एकच गोष्ट, पोरगी पहिल्याच इंजिनात चिंधी विसरली. ते ज्या चवीनं सांगितलं गेलं असतं ते मला तिथंच ऐकू आलं. मी पाठ वळवली, एक चिंधी दातात धरली आणि मधोमध फाडली. दोन्ही तुकडे बाकीच्यांसारखी घडी घालून मधल्या थरात ठेवले.

उस्तादांनी अंगठ्यानं गठ्ठा मोजला. वीस. त्यांनी गळ्यातली दोरी काढली, किल्ली नानांना दिली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. तसा हात त्यांनी त्याआधी कधी ठेवला नव्हता. गाडी फाटकातून बाहेर पडली आणि दौलताबादकडे वळली.

मी हात धुवायला नळावर गेले. भुसा घेतला, घासायला लागले, आणि मला आबा दिसले. काठी आडवी धरलेले, ओठ हलणारे. बस, एवढंच. कुणी रागावलेलं नव्हतं, कुणाला काही कळलेलं नव्हतं. तरी हातातला भुसा मी टाकून दिला. मी तशीच ओल्या हातांनी खाटेजवळ गेले.

“उस्ताद, एकोणीसच होत्या. मी एक फाडली.”

त्यांनी गठ्ठा उचलला आणि एकेक घडी उघडली. अकराव्या-बाराव्याला ते तुकडे निघाले. ते दोन्ही त्यांनी जोडून बघितले, जसं काही ते पुन्हा एक होणार होते. मग नानांना फोन लावला. नाना गाडी चालवताना फोन उचलत नसत, आणि याचा त्यांना मोठा अभिमान होता. तीनदा रिंग वाजून गेली.

“गाडी निकाल,” उस्ताद म्हणाले.

त्यांच्या गुडघ्यामुळे त्यांची जुनी मोटरसायकल मी चालवली आणि ते मागं बसले, मांडीवर पान्यांची पिशवी. वाटेत मी मनात एकच हिशेब करत होते, की ट्रक कुठवर गेला असेल आणि चाळणी अजून मोकळी असेल का. दौलताबादच्या किल्ल्याजवळच्या जुन्या दरवाज्यातून एका वेळी एकच मोठं वाहन जातं, हे शहरातल्या प्रत्येकाला माहीत आहे आणि प्रत्येकानं त्याला शिव्या दिलेल्या आहेत. त्या दुपारी शाळेच्या सहलीची बस आणि उसाचा ट्रॅक्टर त्या दरवाज्यात समोरासमोर आले होते. दोघंही मागं घ्यायला तयार नव्हते. मागं लांबलचक रांग, आणि रांगेत सातवी गाडी नानांची. त्या दरवाज्याला मी त्यानंतर कधी शिवी दिली नाही.

मी केबिनच्या दारावर थापा मारल्या. नानांनी काच खाली केली. “काय गं? किल्ली तर घेतली की मी.”

“नाना, गाडी बंद करा. चिंधी आत असंल. मी खोटी मोजणी दिली.”

एवढं बोलायला मला जेवढी ताकद लागली तेवढी नंतर कुठलाही बोल्ट सोडवताना लागली नाही. नाना आधी उस्तादांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “माझा नंबर जाईल की गं बाई. परत शेडवर यायचं म्हणजे...”

“शेड पे नहीं,” उस्ताद म्हणाले. “एक किलोमीटर भी नक्को. बाजूला घ्या, इथंच खोलते ती.”

रस्त्याकडेला सीताफळं आणि पेरू विकणाऱ्या बायका बसल्या होत्या. त्यांनी टोपल्या सरकवून जागा करून दिली. एकीनं आपली प्लॅस्टिकची मोठी बादली तेल धरायला दिली आणि वर बजावलं, “धुऊन दे पण, नायतर पेरूला वास येईल.” मी जुना फ्लेक्स अंथरून गाडीखाली शिरले. ताजं, मधासारखं तेल बादलीत पडायला लागलं. आदल्याच दिवशी मी ते भरलं होतं. चेंबरचे बोल्ट एकेक करून सुटत होते आणि बाहेर नानांचा आवाज चढत होता. “तू फाडली कशापायी पण? सांगितलं असतं तर शेडवरच झालं असतं ना.” त्यांचं खरं होतं. माझ्या तोंडावर तेल ठिबकत होतं आणि मी रडत होते. गाडीखाली रडण्याची एक सोय असते, कुणाला वेगळं ओळखू येत नाही.

चेंबर खाली आला. मी चाळणी पुसून पाहिली. स्वच्छ. कोपऱ्यांत हात फिरवला, कोपरापर्यंत आत घातला, बॅटरी लावून वर बघितलं. काही नाही. उस्तादांनी वाकता येत नव्हतं तरी वाकून स्वतः पाहिलं. काही नाही.

नाना वैतागून केबिनमध्ये चढले. बसून राहण्यापेक्षा काहीतरी करावं म्हणून त्यांनी सीटच्या कडेला हात घातला, एक फडका काढला आणि बाजूचा आरसा पुसायला लागले. आकाशी. पांढरी फुलं.

मी बघितलं, उस्तादांनी बघितलं. आम्ही दोघं बघतोय हे नानांनी बघितलं आणि त्यांचा हात आरशावरच थांबला. “हे व्हय?” ते हळूच म्हणाले. “मघाशी तुमच्या टेबलावरनं घेतलं व्हतं मी. आरसा लई मळला व्हता.”

पेरूवाली सगळ्यात आधी हसली. मग नाना, ओशाळून. उस्ताद हसले नाहीत. त्यांनी ती चिंधी नानांच्या हातातून घेतली, पिशवीतला गठ्ठा काढला आणि त्यावर ठेवली. “एकवीस,” ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता सांगतील की उद्यापासून येऊ नकोस. ते म्हणाले, “चेंबर खोला, उसका अफसोस नहीं करने का. फाडली, त्याचा कर. आणि मेरी भी गलती है. मैंने घडी गिनी, खोलके नहीं देखा.”

नवं पॅकिंग तिथंच कापलं. कागद चेंबरच्या कडेवर ठेवून हलक्या हातोडीनं ठोकत गेलं की कडा आपोआप कापली जाते. ते काम त्यांनी माझ्याकडूनच करून घेतलं. बोल्टही माझ्याच हातानं. ऊन कलायला लागलं तेव्हा गाडी सुरू झाली. मी बादली दोनदा धुऊन परत दिली. आणि मग उस्तादांनी केबिनचं दुसरं दार उघडलं. “बस. कन्नडपर्यंत जा. पॅकिंग रस्त्यावर कापलंय, तेलाच्या काट्याकडे बघत राहायचं. हलला की बंद.”

मी गेले. चढ गेला, वेरूळ गेलं, दोन्ही बाजूंची तुरीची रानं गेली. मी खिडकीबाहेर एकदाही पाहिलं नाही. काटा हलला नाही. नानांचा नंबर त्या दिवशी गेलाच. त्यांनी गाठी दुसऱ्या दिवशी सकाळी भरल्या आणि घाटही दिवसाउजेडी उतरला. मला एसटीत बसवून देताना म्हणाले, “इंजिन मात्र गोड बोलतंय गं.” परतीच्या एसटीत माझ्या कपड्यांचा वास बघून शेजारची बाई उठून गेली. दोन माणसांच्या सीटवर एकटी, हातपाय पसरून, मी आयुष्यात कधी झोपले नव्हते तशी झोपले.

आबांना मी हे सगळं संक्रांतीला सांगितलं. फाडल्याचंही सांगितलं. त्यांनी काठीनं माती उकरली. मग म्हणाले, “मेंढरू फाडून दोन करता येत नाय. म्हणून मी इमानदार ऱ्हायलो म्हणायचं.” असं म्हणून ते स्वतःच हसले. मला वाटतं, ते मला धीर देत होते. तसा धीर मला पुन्हा कुणी दिला नाही.

उस्तादांनी ते दोन तुकडे टाकले नाहीत. त्या दिवसापासून शेडची मोजणी एकवीस झाली. एकोणीस पूर्ण, दोन अर्ध्या. आणि मोजताना प्रत्येक घडी उघडायची. चादर बदलली, रंग बदलले, तरी दर वेळी एक चिंधी मुद्दाम फाडून दोन करायची. ते काम माझ्याकडे. शेड माझ्याकडे आल्यावरही तो नेम आहे. उस्ताद आता लेकीकडे असतात, गुडघ्यानं त्यांना पार बसवलं आहे. नाना अजून माझ्याकडेच गाडी आणतात आणि निघताना दोन्ही हात वर करून दाखवतात. “बघ बाई, काय घेतलं नाय.”

यंदा माझ्याकडे दत्ता शिकायला आला. चाळिशीला टेकलेला माणूस, वीस वर्षं ट्रक चालवून पाठ गेली म्हणून पाना धरलेला. घरी दोन लेकी. मला मॅडम म्हणतो आणि म्हणताना दर वेळी थोडा अडखळतो. या दोन चिंध्या लहान का, असं त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं आणि मी काही न लपवता सांगितलं. ऐकून त्यानं त्या दोन्ही उघडून शेजारी शेजारी ठेवल्या. मला वाटलं, हसावं की नाही हे त्याला कळलं नसेल.

मागच्या आठवड्यात त्याचं पहिलं इंजिन झालं. गाडी फिरवून आणली, सगळं ठीक. किल्ली माझ्या गळ्यात. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, दोन गाड्या दाराबाहेर थांबलेल्या. दत्ता चिंध्या घेऊन आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, “मॅडम, वीसच भरत्यात. कुठं गेली म्हाईत नाय.”

खरं सांगते, मला राग आला. बाहेरच्या दोन गाड्या दिसत होत्या, कलणारा दिवस दिसत होता. अनुभवानं शहाणी झाले होते, म्हणून आधी त्याला केबिन तपासायला लावली. सीटखाली, आरशामागं, ड्रायव्हरच्या खिशात. काही नाही. ड्रायव्हर म्हणाला, “असंल इथंच कुठं तरी, जाऊ द्या ना ताई.” दत्ता माझ्याकडे बघत होता. त्या नजरेत काय असतं ते मला आतून माहीत आहे.

“तेल काढा,” मी म्हटलं.

चेंबर खाली आला. चाळणीवर या वर्षीची पिवळी चिंधी चिकटली होती. तेलानं काळी झालेली, पण एका कोपऱ्याचा पिवळा रंग अजून दिसत होता. अर्धी चाळणी तिनं झाकली होती. दत्ता बघितल्या बघितल्या खाली मातीतच बसला. ड्रायव्हरनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मी ती चिंधी सोडवली, पिळली आणि बाकीच्यांवर उघडून ठेवली. चेंबर बसवायला मी दत्तालाच लावलं, आणि गाडी निघाली तेव्हा त्याला ड्रायव्हरशेजारी बसवून सांगितलं, काट्याकडे बघत जा.

गाडी गेल्यावर मी उस्तादांना फोन केला. त्यांना आता कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्यानं सांगावं लागतं.

“कितने हुए?” त्यांनी विचारलं.

“एकवीस.”

पलीकडं वेलदोडा एका गालातून दुसऱ्या गालात गेला असावा.

“खोलके गिने?”

“खोलके गिने, उस्ताद.”